कल्याणच्या पुढे घर घेताना

आमच्या मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी जी मंडळी येतात, त्यांपैकी पुष्कळांचा प्रश्न अलीकडे एकच असतो. कुणाला निवृत्तीनंतर नोकरीचे क्वार्टर सोडावे लागणार असते. कुणाच्या चाळीतील एका खोलीत दोन संसार मावेनासे झालेले असतात. कुणी दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवून मेटाकुटीला आलेला असतो. घर घ्यायचे आहे, पैसा प्रॉव्हिडंट फंडाचा आणि उरलेला बँकेच्या कर्जाचा. ते कुठे घ्यावे, असे ही मंडळी विचारतात. मुंबईत घर घेणे पगारदार माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाही. म्हणून बोलणे कल्याणवर येते, आणि कल्याणचाही भाव ऐकला की कल्याणच्या पुढे सरकते: अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ, दुसऱ्या फाट्यावर टिटवाळा, वासिंद, आसनगाव.

या विषयावर स्मरणिकेत लिहावे असे आम्हांला वाटले, त्याचे कारण आमची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाने वांगणीला दोन खोल्यांचे घर घेतले. कागदपत्रे आम्हीच पाहिली होती. सात-बारा, बिनशेती आदेश, बांधकामाची परवानगी सर्व ठीक होते. कर्जाचा हप्ता त्यांच्या पगाराला झेपणारा होता. आम्ही 'घ्या' म्हणालो. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती, हे आम्हांला ठाऊक होते; पण त्याचा घराशी काही संबंध आहे हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. मुलीला चांगले गुण पडले आणि माटुंग्याच्या कॉलेजात शास्त्र शाखेला प्रवेश मिळाला. सगळ्यांना आनंद झाला. पहिला तास सकाळी सव्वासातच्या सुमारास. म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराची लोकल, त्याआधी घरापासून स्टेशनपर्यंत अंधारातून चालणे आणि मुलीला पोहोचवायला वडिलांनी रोज चार वाजता उठणे. दिवाळीपर्यंत हे चालले. पुढे आठवड्यातून दोन दिवस पहिले तास बुडू लागले, प्रात्यक्षिके बुडू लागली, अकरावीला दोन विषय राहिले. पुढच्या वर्षी शाखा बदलून तिने अंबरनाथला नव्याने अकरावी केली. मुलगी हुशार होती आणि आहे. तिचे जे वर्ष गेले आणि जी शाखा सुटली, ती त्या घराच्या पत्त्यामुळे.

तेव्हापासून आम्ही घराचा हिशोब दुसऱ्या टोकाकडून करू लागलो. घर घेणारा माणूस बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीचा असतो. त्याच्या नोकरीची दहा-बारा वर्षे उरलेली असतात. पण घरातील मुलाची अकरावी, पदवी, पुढचा अभ्यासक्रम आणि पहिली नोकरी ही सारी त्याच घरातून व्हायची असतात. असे असूनही घर निवडताना सोय पाहिली जाते ती वडिलांच्या ऑफिसची, आणि परवड पाहिली जाते ती वडिलांच्या पगाराची. आमचे स्पष्ट मत असे, की घरातील ज्या व्यक्तीला सर्वांत पहाटे निघावे लागणार आहे किंवा सर्वांत रात्री परतावे लागणार आहे, तिच्या घड्याळावर घर निवडावे. बहुतेक घरांत ती व्यक्ती कॉलेजात जाणारे मूल किंवा नोकरी करणारी स्त्री असते.

आता रेल्वेकडे वळू. मुंबईहून ठाण्यापर्यंतची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणला या मार्गाचे दोन फाटे होतात: एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. मुंबईहून कल्याण साधारण ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८, टिटवाळा ६४. कर्जत सुमारे १००, कसारा सुमारे १२० किलोमीटर. परंतु किलोमीटरवर जाऊ नका. मुंबई ते कल्याण या पट्ट्यात जलद आणि धीम्या गाड्यांना वेगवेगळे रूळ आहेत. कल्याणच्या पुढे फाटा सुरू झाला की वर्षानुवर्षे एक जाणारा आणि एक येणारा असे दोनच रूळ होते, आणि त्यांवरूनच पुण्याच्या किंवा नाशिकच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल अशा सर्व गाड्या धावत आल्या. नव्या मार्गिकांची कामे काढण्यात आली, ती याचमुळे. म्हणून कल्याणला एक गाडी चुकली तर थोड्या मिनिटांत दुसरी येते. वांगणीला किंवा वासिंदला चुकली तर सकाळ गेली असे समजावे. कल्याण ते बदलापूर नकाशावर जवळ दिसते. पण वेळापत्रक उघडून सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत किती गाड्या आहेत ते मोजले, की खरे अंतर कळते. घर पाहायला जाण्याआधी हे मोजावे. त्याला पैसे पडत नाहीत.

गाडी कोठून सुटते, हेही तितकेच महत्त्वाचे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा येथून सुटणाऱ्या लोकल आहेत. तेथे थोडे आधी जाऊन उभे राहिले तर बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. मधल्या स्टेशनावरच्या माणसाला भरलेल्या गाडीत चढावे लागते. दिवा, मुंब्रा, कळवा येथील लोकांना मुंबई जवळ पडते, परंतु सकाळी गाडीत पाय ठेवता येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतील प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांत काहींचा मृत्यू झाला. लांबचे पण बसून जाण्याचे गाव आणि जवळचे पण दारात लटकण्याचे गाव यांत निवड करायची वेळ आली, तर आम्ही पहिल्याच्या बाजूने आहोत. (काहीजण जागा मिळावी म्हणून उलट दिशेने मागच्या स्टेशनापर्यंत जातात आणि तीच गाडी परतताना बसून येतात. हरकत नाही, पण पास त्या स्टेशनपर्यंतचा हवा, नाहीतर तिकीट तपासनीस दंड करतो, आणि तो रास्तच असतो.)

आता एक हिशोब मांडून पाहू. बिल्डरच्या पत्रकात 'स्टेशनपासून दहा मिनिटांवर' असे छापलेले असते. ती दहा मिनिटे रविवारी दुपारी मोटारीने मोजलेली असतात. आमच्या बदलापूरच्या एका सभासदांनी घराच्या उंबऱ्यापासून वरळीच्या ऑफिसातील खुर्चीपर्यंतचा वेळ आठवडाभर लिहून ठेवला. शेअर रिक्षाची रांग धरून स्टेशनपर्यंत वीस मिनिटे. पूल चढून-उतरून गाडीची वाट पाहण्यात दहा. जलद गाडी मिळाली तर दादरपर्यंत सव्वा तास. दादरचा पूल, बस आणि चालणे मिळून अर्धा तास. एकूण सव्वादोन तास. जाऊन-येऊन साडेचार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेएकशे बारा तास, वर्षाचे तेराशे पन्नास. म्हणजे रात्र आणि दिवस धरून वर्षातील छप्पन्न दिवस हा माणूस प्रवासात असतो. त्यांनी हा आकडा आम्हांला दाखवला तेव्हा ते हसले, पण त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत.

त्याच ऑफिसला कल्याणहून जाणाऱ्या दुसऱ्या सभासदांचे घर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आहे. गाडीची वाट पाच मिनिटे, दादर जलद गाडीने पन्नास मिनिटे, पुढे तोच अर्धा तास. एकूण पंच्याण्णव मिनिटे. फरक एका वेळेला चाळीस मिनिटांचा, दिवसाला ऐंशी मिनिटांचा, महिन्याला तेहतीस तास वीस मिनिटांचा. बारावीच्या मुलाला महिन्याला तेहतीस तास अभ्यासाला जास्त मिळणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगायला नको. शिवाय शेअर रिक्षाचे भाडे दोन वेळचे, घरातील तीन माणसांचे, असे महिन्याचे मांडले तर स्वस्त घराच्या हप्त्यात वाचलेले पैसे बरेचसे रिक्षात जातात. म्हणून दोन घरांतून निवड करताना हप्त्यात रिक्षाभाडे मिळवून मगच तुलना करावी. स्टेशनला लागून असलेले लहान, जुने, तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले घर आम्हांला स्टेशनपासून पाच किलोमीटरवरच्या बागबगिचाच्या संकुलापेक्षा अधिक पसंत आहे. तरुण जोडप्यांना हे पटत नाही. अर्थात घरात गुडघ्याचा त्रास असलेली वृद्ध माणसे असतील तर हाच सल्ला उलटा होतो.

स्त्रियांच्या प्रवासाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पश्चिम रेल्वेवर १९९२ मध्ये महिला विशेष लोकल सुरू झाली आणि पुढे अशा गाड्या इतरत्रही आल्या, तरी त्या थोड्या आणि ठराविक वेळेच्याच. खरा प्रश्न गाडीतून उतरल्यानंतर सुरू होतो. रात्री साडेनऊला फलाटावर उतरलेल्या स्त्रीला घरापर्यंत रिक्षा मिळते का? एकटीसाठी रिक्षावाला काय मागतो? रस्त्यावर दिवे आहेत का, की दोन नव्या इमारतींच्या मध्ये अजून मोकळे माळरान आहे? आमची विनंती अशी, की घर ठरवण्याआधी घरातील बाईने कामाच्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, ऑफिसपासूनच निघून त्या घरापर्यंत एकदा जाऊन यावे. पुरुषांनी जाऊन येऊन 'ठीक आहे' म्हणणे पुरेसे नाही.

शाळेची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, कारण प्राथमिक शाळा सर्वत्र निघाल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा असतात आणि त्या देताना घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते. एक किलोमीटरच्या आतील मुलांना आधी संधी मिळते. म्हणून लहान मुले असलेल्यांनी घर पाहतानाच सभोवारच्या कोणत्या शाळा या प्रवेशात आहेत ते पाहून ठेवावे. नव्या संकुलाशेजारी मोठ्या नावाची शाळा आहे याचा अर्थ आपल्या मुलाला तेथे प्रवेश मिळेल किंवा तिची फी आपल्याला झेपेल असा नव्हे. मराठी माध्यमाची अनुदानित शाळा मात्र बहुधा जुन्या गावात, स्टेशनच्या जवळपास असते. नव्या वसाहतींत ती क्वचितच सापडते. आणि नववी-दहावीच्या मुलाची शाळा घरासाठी बदलू नये. घराचा ताबा मिळाला तरी एक वर्ष थांबावे, नाहीतर मूल दोन वर्षे आजीकडे ठेवावे. आमच्या पाहण्यात ज्यांनी असे केले त्यांना पस्तावावे लागलेले नाही.

अडचण सुरू होते ती अकरावीपासून. मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश अनेक वर्षे केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आले आणि २०२५-२६ पासून ही पद्धत सबंध राज्याला लागू झाली. विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरायचा असतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घेणे भाग असते. आमची मुले नावाजलेल्या कॉलेजांची नावे वरती भरतात आणि गाडीचे वेळापत्रक पाहायचे राहून जाते. कल्याणला बिर्ला कॉलेज आहे, उल्हासनगरला चांदीबाई कॉलेज आहे, डोंबिवलीला पेंढरकर, ठाण्याला जोशी-बेडेकर. ही कॉलेजे माटुंग्याच्या कॉलेजांपेक्षा कमी म्हणून टाळली जातात. पण रोज चार तास प्रवास करून मिळणारे नावाजलेले कॉलेज आणि अर्ध्या तासावरचे चांगले कॉलेज यांत आम्ही विद्यार्थ्याला दुसरेच सुचवू. उरलेल्या तीन-साडेतीन तासांत वाचनालयात बसता येते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा अशा अभ्यासक्रमांना मात्र जेथे मिळेल तेथे जावेच लागते. त्यासाठी कुठेही एका गाडीत पोहोचता येईल असे जंक्शन जवळ असणे हीच त्यातल्या त्यात सोय. कल्याण आणि ठाणे यांचे मोल आम्ही जास्त लावतो ते यासाठी. ठाण्याहून २००४ पासून ऐरोली, वाशीकडे गाडी आहे, आणि उद्याच्या नोकऱ्या फोर्टात असतीलच असे नाही. त्या ऐरोलीत, महापेत, वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत.

कामाची जागा बदलते, हे कल्याणच्या पट्ट्याने चांगलेच पाहिले आहे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विम्को, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एन. आर. सी. अशा कारखान्यांच्या भोवती आमच्या वडिलांची पिढी राहिली. भोंगा झाला की सायकलवर टांग टाकायची, एवढाच त्यांचा प्रवास. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. ज्यांनी कारखान्याजवळ म्हणून घर घेतले, त्यांची मुले आज आंबिवली स्टेशनावर उभी असतात. तेव्हा एका नोकरीच्या भरवशावर गाव निवडू नये. ज्या गावाहून तीन-चार दिशांना जाता येते ते गाव निवडावे.

येथे काही सभासद म्हणतील, की मेट्रो येणार आहे, नवे स्टेशन होणार आहे, विमानतळ झाला आहे. विमानतळ झाला हे खरे; नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पण बेलापूर ते पेंधर या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. २०११ मध्ये मेट्रोच्या आशेने घर घेतलेल्याचे दहा वर्षांचे मूल गाडी येईपर्यंत पदवीधर झाले असेल. जी गाडी आज धावत नाही तिचे भाडे घराच्या किमतीत भरू नये.

आता घराकडे येऊ. कागदपत्रांविषयी आम्ही प्रत्येक वेळी बोलतो, तरी एक गोष्ट नव्याने सांगणे भाग आहे. रेरा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेराचे कामकाज १ मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि घराचे क्षेत्रफळ चटईक्षेत्रातच सांगावे लागते, हे त्यातील आपल्या उपयोगाचे. पण रेराचा क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेराचे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले आणि त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घातली होती. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी व कचऱ्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडण्यात आल्या. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घ्यावी आणि ती घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जावे, क्रमांक नोंदीशी ताडून पाहावा. जमीन विकास आराखड्यात कशासाठी राखीव नाही ना, हेही तेथेच विचारावे. एक दिवसाची रजा पडेल. ती घ्यावी. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पुढे जाऊ नये. 'सगळ्या बिल्डिंगींचे तसेच आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

एक लहानशी पण उपयोगाची बाब: १ एप्रिल २०२१ पासून निवासी घराचे खरेदीखत केवळ स्त्रीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलत नसती तरी आम्ही हेच सुचवले असते.

घर वर्षातून दोनदा पाहावे, मे महिन्यात आणि जुलै महिन्यात. मे महिन्यात पाण्यासाठी. इमारतीतील बिऱ्हाडांना विचारावे, की नळ किती वाजता येतो, किती वेळ असतो, रोज की दिवसाआड, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे. बिल्डरला नव्हे, पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे. नोकरी करणाऱ्या घरात दुपारी दोनला येणाऱ्या पाण्याचा उपयोग नसतो. आणि जुलैत पुरासाठी. उल्हास नदी बदलापूरला वळसा घालून जाते. २६ जुलै २००५ चा पूर तेथील जुन्या लोकांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. नदीकाठचा 'निसर्गरम्य' तळमजला स्वस्त का असतो, हे उन्हाळ्यात समजत नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाची घरे कागदपत्रांच्या दृष्टीने निर्धोक, आणि त्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव वाटा असतो. सोडतीचा अर्ज आपल्यातील पुष्कळजण निव्वळ आळसामुळे भरत नाहीत. तरीही अंतराचा नियम तेथेही लागू आहे. कल्याणजवळच्या खोणी व शिरढोण येथील घरे स्टेशनपासून दूर आहेत. विरार-बोळिंजला सोडतीत न गेलेली घरे पुढे प्रथम येणाऱ्यास प्रथम या पद्धतीने विकावी लागली. गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरे देण्याची योजना २०२४ मध्ये पुढे आली तेव्हा अनेक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी त्या अंतराला हरकत घेतली. ज्यांनी मुंबई उभारली त्यांना शंभर किलोमीटरवरच्या कर्जतच्या वाटेवर धाडावे, हा विचार आम्हांलाही पटलेला नाही.

त्याच संदर्भात बी. डी. डी. चाळींतील सभासदांना एक सूचना. वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांचा नंबर अजून यायचा आहे, त्यांनी आजची अडचण म्हणून खोली कुणाच्या नावे करून बदलापूर गाठू नये. आमच्या एका जुन्या सभासदांनी चाळीतील खोली सोडून पुढे घर घेतले. त्या पैशात त्यांना हॉल मिळाला, गॅलरी मिळाली. त्यांच्या आईची औषधे मात्र के. ई. एम.ची होती, दर महिन्याला त्या वृद्ध बाईंना घेऊन अर्धा दिवस गाडीत आणि अर्धा दिवस रांगेत. शेजारी चांगले होते, पण दार लावून राहणारे. चाळीत म्हातारीला दिवसभर कुणी ना कुणी हाक मारीत असे. घर घेताना वृद्धांना कुणी काही विचारत नाही, आणि त्याही काही बोलत नाहीत.

शेजाराचा विषय निघाला म्हणून लिहितो. आडनाव विचारून मग घर 'आताच गेले' असे सांगण्याचा अनुभव आपल्यातील काहींना आजही येतो, विशेषतः भाड्याने आणि पुनर्विक्रीत घर घेताना. त्यामुळे काहीजण फक्त आपल्या माणसांच्या इमारतीतच घर शोधतात, मग ती स्टेशनपासून कितीही लांब असो. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. तरीही स्टेशनजवळचे, शाळेजवळचे घर मिळत असेल तर केवळ शेजाराच्या शंकेने ते सोडू नये. नव्या ठिकाणी आपली चार कुटुंबे असली की पुरे होतात, आणि ती बहुधा असतातच. मंडळाकडे कल्याण ते कर्जत आणि कल्याण ते आसनगाव या भागांतील सभासदांची स्टेशनवार यादी आहे. घर पाहायला जाण्याआधी त्या गावच्या सभासदाला भेटावे. तो पाण्याविषयी आणि रिक्षाविषयी खरे सांगेल.

शेवटचा सल्ला पुष्कळांना आवडत नाही, पण आम्ही तो देतच राहू. ज्या गावात घर घ्यायचे त्या गावात आधी अकरा महिने भाड्याने राहून पाहावे. भाडे 'फुकट' जाते असे वाटते. पण एक पावसाळा, एक उन्हाळा आणि मुलाचे एक शैक्षणिक वर्ष त्या गावात काढल्यावर घेतलेले घर विकायची पाळी सहसा येत नाही. आमच्या माहितीतील पाच-सहा कुटुंबांनी असे केले. त्यांतील दोघांनी अकरा महिन्यांनंतर गाव बदलले, एकाने बदलापूरहून मागे अंबरनाथला येऊन स्टेशनलगत लहान घर घेतले. वांगणीच्या आमच्या सभासदांनीही अखेर आपले घर भाड्याने दिले आणि ते स्वतः धाकट्या मुलाच्या अकरावीसाठी कल्याणला भाड्याने राहावयास आले. धाकट्याचे कॉलेज घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे.

घर घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात कार्यालयात यावे. येताना कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात, मूळ कागद आणू नयेत. सोबत एका कागदावर घरातील प्रत्येक माणसाचे नाव, तो रोज कुठे जातो, किती वाजता निघतो आणि किती वाजता परततो, हे लिहून आणावे. मुलगा किंवा मुलगी सातवीच्या पुढे असेल तर तिला बरोबर घेऊन यावे.